इंग्रजीच्या तासातले हरवलेले वाक्य

सातवीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू असतो. फळ्यावर एक वाक्य लिहिलेले असते. त्याच्या आरंभी मुद्दाम लहान अक्षर घातलेले, शेवटचा पूर्णविराम काढून घेतलेला आणि मध्ये कोणीतरी कोणाला काही विचारतो आहे हे दाखविणारी अवतरणचिन्हे पुसून टाकलेली. मुलांनी ते वाक्य वहीत उतरवायचे आणि योग्य ती विरामचिन्हे घालायची. पाच-सात मिनिटांत माना वर होतात. पहिले अक्षर मोठे, ‘सेड’च्या पुढे स्वल्पविराम, मग अवतरणचिन्ह, आत पुन्हा मोठे अक्षर, शेवटी प्रश्नचिन्ह आणि अवतरण बंद. बहुतेकांचे उत्तर बरोबर येते. वाक्य निराळे असले तरी साचा तोच असतो आणि साचा ओळखण्यात आपली मुले तरबेज असतात.

त्याच आठवड्यात त्याच मुलांना रजेचा अर्ज किंवा सहलीवरचे दहा ओळींचे निवेदन इंग्रजीत लिहायला सांगितले, म्हणजे काय हाती येते हे इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. अर्धे पान भरते, पण त्यात पूर्णविराम शोधावा लागतो. गावाचे नाव लहान अक्षराने सुरू होते आणि एखादे साधे क्रियापद मात्र कारण नसताना मोठ्या अक्षराने मिरवते. स्वल्पविराम पडलेच तर पेन टेकला तेथे. फळ्यावरच्या वाक्यात दहापैकी दहा गुण मिळविणारा मुलगा तोच, पेनही तेच; मग मधल्या काळात ते ज्ञान गेले कोठे?

ते कोठेही गेलेले नसते, कारण ते आलेलेच नसते. फळ्यावरचे वाक्य त्या मुलाचे नव्हते. ते दुसऱ्या कोणीतरी रचले होते, दुसऱ्या कोणीतरी मोडले होते आणि मुलाने फक्त त्याचे सांधे पुन्हा जुळविले. स्वतःच्या मनातला अर्थ कोठे थांबतो आणि कोठे वळण घेतो हे ठरविण्याचा प्रसंग त्याच्यावर आलाच नाही. ‘पंक्च्युएट’, ‘डू ॲज डायरेक्टेड’, ‘रिकाम्या जागा भरा’ या तीन खांबांवर माध्यमिक शाळेतील इंग्रजी व्याकरणाचा सारा मांडव उभा आहे, आणि त्या मांडवाखाली जे यावयाचे ते, म्हणजे मुलाचे स्वतःचे वाक्य, बाहेरच ताटकळत राहते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी केव्हा सुरू करावे याबद्दल जेवढा वाद झाला, तेवढा ते कसे शिकवावे याबद्दल झाला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर गेले. पुढे ते पाचवीत आले. २००० साली ते पहिलीत आले. म्हणजे आज दहावीला बसणाऱ्या मुलाने दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. दहा वर्षे हा काही थोडा काळ नव्हे. तरीही त्या मुलाला दहा सुसंगत वाक्ये लिहिता येत नसतील, तर दोष वर्षांच्या संख्येत नसून तासाच्या स्वरूपात आहे हे मान्य करावयास हरकत नसावी.

यावर एक पक्ष असा आहे, की व्याकरण शिकविणेच मुळी व्यर्थ. भाषा ऐकून-बोलून येते, नियमांनी येत नाही. या पक्षाच्या पाठीशी संशोधनाचे बळही आहे. अमेरिकेत १९६३ साली लेखनशिक्षणावरील तोवरच्या संशोधनाचा आढावा घेणारा एक अहवाल प्रसिद्ध झाला. औपचारिक व्याकरण शिकविल्याने मुलांचे लेखन सुधारत नाही, उलट लेखनाचा वेळ त्यात गेल्यामुळे अपायच होण्याचा संभव आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडेही डॉ. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास आणि आणखी काही ठिकाणच्या शाळांत एक प्रयोग केला. त्यात व्याकरणाचा पाठ नव्हता. आगगाडीचे वेळापत्रक वाचून कोणती गाडी पकडावी हे ठरविणे, नकाशावरून वाट शोधणे अशी कामे मुलांपुढे ठेवली जात. मुलाचे चित्त अर्थावर खिळले की व्याकरण त्याच्या नकळत अंगी मुरते, असा त्यामागचा विचार होता. पुढे झालेल्या मूल्यमापनाने या प्रयोगाला सावध पाठिंबा दिला. त्यापलीकडे जाण्याचे मूल्यमापकांनी टाळले.

दुसऱ्या टोकाला इंग्लंड आहे. तेथे २०१३ सालापासून प्राथमिक शाळा संपविणाऱ्या, म्हणजे सुमारे अकरा वर्षांच्या मुलांची व्याकरण, विरामचिन्हे व शुद्धलेखन यांची स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा घेतली जाऊ लागली. २०१६ साली तेथील शाळाखात्याच्या मंत्र्यांनाच एका नभोवाणी मुलाखतीत ‘आफ्टर’ हा शब्द अमुक वाक्यात शब्दयोगी की उभयान्वयी असे विचारले गेले आणि त्यांचे उत्तर चुकले. पुढच्याच वर्षी अर्धविरामाचा आकार नियमाबरहुकूम नाही म्हणून मुलांचे गुण कापल्याच्या तक्रारी गाजल्या. ज्यांची ती मातृभाषा त्यांचीही ही गत. आपल्याकडे याचे हसू यावे. पण आपल्या गाइडांतून वेगळे काही चालत नाही.

या दोन्ही पक्षांच्या वादात मराठी शाळेतील मुलाचा मात्र कोणी विचार केलेला दिसत नाही. अमेरिकेतला तो अहवाल प्रामुख्याने अशा मुलांविषयी होता, की जी शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच इंग्रजीत भांडत, रडत आणि खोटे बोलत होती. त्यांना ‘नाउन’ म्हणजे काय हे सांगितले नाही तरी वाक्य करता येते, कारण ते त्यांच्या कानात आहे. जालना किंवा गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावच्या मुलाच्या कानात काय आहे? पाठ्यपुस्तक, तास संपल्याची घंटा आणि फार तर क्रिकेटचे समालोचन. हवेत इंग्रजी नाही. म्हणून हवेतून ती येणार नाही. ‘व्याकरण नको’ हे तत्त्व शहरातल्या ज्या घरांत इंग्रजी वर्तमानपत्र पिढ्यान्‌पिढ्या येते, त्या घरांना परवडते. ज्याच्या घरात ते येत नाही, त्याला वाक्य कसे बांधले आहे हे कोणीतरी उलगडून दाखविणे हाच एक आधार असतो. तो काढून घेणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्यात टाकून पोहणे नैसर्गिक असते असे सांगण्यासारखे आहे.

गंमत अशी, की आपल्याकडे व्याकरणाचे म्हणून जे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानले गेले, ते रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण मुळात हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिले गेले असे सांगतात. या दोघांपैकी रेन हे काही काळ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. इंग्रजी ज्यांनी पाळण्यात ऐकली त्यांना नियमांची नावे कळावीत हा त्या पुस्तकाचा हेतू. ज्यांनी ती पाळण्यात ऐकली नाही त्यांनी ते पाठ केले. नावे आली. वाक्य आले नाही.

तेव्हा व्याकरण हवे की नको हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाचे व्याकरण आणि कोठून सुरू केलेले, हा खरा प्रश्न आहे. मराठी मुलाच्या इंग्रजी वहीतील चुका वेंधळेपणाच्या नसतात. त्या फार शिस्तीच्या असतात. इतक्या, की सावंतवाडीच्या आणि अमळनेरच्या मुलांच्या चुका एकमेकींशी जुळतात. याचे कारण त्या सर्व चुकांची आई एकच आहे, मराठी.

पूर्णविरामाचेच उदाहरण घ्यावे. ‘सकाळी उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन, दप्तर भरून मी शाळेत गेलो’ हे मराठीत एक वाक्य आहे आणि ते उत्तम वाक्य आहे. उठणे, धुणे, घेणे, भरणे या साऱ्या क्रिया ‘ऊन’ प्रत्ययाच्या दोरीत ओवल्या जातात आणि शेवटच्या ‘गेलो’पाशी गाठ बसते. मूल हेच इंग्रजीत उतरविते, ‘आय वोक अप आय वॉश्ड माय माउथ आय टुक टी आय वेंट टु स्कूल’, आणि बाई लाल शाईने चार पूर्णविराम घालून शेरा देतात, ‘केअरलेस’. मूल निष्काळजी नाही. त्याच्या मनात ते एकच वाक्य आहे. इंग्रजीत ‘ऊन’ नाही, म्हणून त्या दोरीच्या जागी कोठे ‘अँड’, कोठे स्वल्पविराम, कोठे चक्क नवे वाक्य घ्यावे लागते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

याच्या मुळाशी एक आणखी गोष्ट आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘गेलो’, ‘आहे’, ‘नव्हते’ हे शब्द कानावर पडले की वाक्य संपले हे ऐकणाऱ्याला कळते. पूर्णविराम असो वा नसो. मराठीचे क्रियापद स्वतःच पूर्णविरामाचे काम करते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येऊन जाते आणि वाक्य पुढे चालूच राहते: शाळेत, मित्राबरोबर, पावसातून, छत्रीशिवाय. ते कोठे संपणार याची सूचना कोणताही शब्द देत नाही. म्हणून इंग्रजीला तो ठिपका हवा. ‘पूर्णविराम द्यायला विसरू नका’ असे शंभर वेळा बजावण्यापेक्षा ही एक गोष्ट दहा मिनिटे फळ्यावर समजावली, तर मुलाला ठिपक्याचे प्रयोजन कळेल.

आपल्या पूर्वजांचे विरामचिन्हांवाचून अडले नाही, त्याचेही कारण हेच असावे. मोडी लिपीत लिहिणारा कारकून कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगीत जाई. दोन शब्दांत जागा सोडण्याचीही रीत नव्हती, मग स्वल्पविराम कोठला! पेशवाईचे दप्तर असे लिहिले गेले आणि वाचणाऱ्यांनी ते वाचले. पोथ्यांत श्लोकाच्या वा ओवीच्या शेवटी दंड पडे तेवढाच. आज मराठी मजकुरात जी चिन्हे सहज वावरतात ती एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर आणि इंग्रजी पुस्तकांबरोबर आली. ती रुळविण्यात शब्दकोशाच्या कामात मोल्सवर्थ यांना साथ देणारे मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. हिंदीने दंड राखला. मराठीने इंग्रजीचा ठिपका घेतला. म्हणजे विरामचिन्हे ही जशी मुलाला इंग्रजीच्या वहीत परकी, तशी ती एके काळी मराठीलाही परकीच होती, आणि ती आपण शिकलो. हा इतिहास इंग्रजीच्या तासाला पाच मिनिटे सांगितला तर तास वाया जाणार नाही.

लेखनातील एका फटकाऱ्याचे काय परिणाम होऊ शकतात, हे मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा खरी असो वा दंतकथा असो, १७७३ सालच्या त्या खुनाशी ती कायमची जोडली गेली आहे. तेथे अक्षर बदलले होते. इंग्रजीत कित्येकदा अक्षरही बदलावे लागत नाही. ‘द टीचर सेड द बॉय इज लेट’ हे सहा शब्दांपेक्षा थोडेच मोठे वाक्य आहे. चिन्हे नसताना उशीर मुलाला झाला. ‘द टीचर’च्या पुढे आणि ‘द बॉय’च्या पुढे स्वल्पविराम टाकून अवतरणे घातली, की उशीर शिक्षकांना झाला आणि तक्रार मुलाची ठरली. वर्गात हे वाक्य लिहिले की मुले हसतात, आणि त्या हसण्यातच स्वल्पविराम शिकतात.

परंतु येथे थांबू नये. हेच वाक्य मराठीत करून पाहावे. ‘गुरुजी म्हणाले, मुलगा उशिरा आला’ आणि ‘गुरुजी, मुलगा म्हणाला, उशिरा आले’. सारी चिन्हे पुसून टाकली तरी मराठीत घोटाळा होत नाही. कोण म्हणाले आणि कोण म्हणाला, कोण आला आणि कोण आले, हे आदरार्थी बहुवचनच सांगून टाकते. मराठीत शब्दांना प्रत्यय चिकटलेले असतात. ‘रामाने रावणाला मारले’ याचे तुकडे कसेही फिरविले तरी मारणारा राम आणि मरणारा रावणच राहतो. इंग्रजीत प्रत्ययांचा हा पहारा फारसा उरलेला नाही. तेथे शब्दाची जागा आणि विरामचिन्ह यांवरच अर्थाची राखण सोपविलेली आहे. इंग्रज लोक स्वल्पविरामाबद्दल एवढे काटेकोर का, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात नाही, त्यांच्या विभक्तींच्या गळतीत आहे.

अवतरणचिन्हे आणि ‘इनडायरेक्ट स्पीच’ यांचा प्रश्न तर याहून मनोरंजक आहे. मराठी माणूस ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ असे म्हणतो तेव्हा येणारा कोण, याबद्दल कोणाला शंका येत नाही. बोलणाऱ्याचे ‘मी’ आपण तसेच्या तसे ठेवतो आणि त्याचा भविष्यकाळही हलवीत नाही. हे मूल इंग्रजीत नेते, ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’, आणि त्याच्यासाठी उद्या निराळाच माणूस घरी येऊन उभा राहतो. त्यावर उपाय म्हणून मुलाला एक तक्ता पाठ करायला देतात: ‘आय’चे ‘ही’, ‘विल’चे ‘वुड’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’. तक्ता पाठ होतो, परीक्षेत गुणही मिळतात, आणि या साऱ्या उलथापालथीचे कारण मात्र अंधारातच राहते. दुसऱ्याचे बोलणे मराठी त्याच्याच तोंडून ऐकविते, इंग्रजी आपल्या तोंडून सांगते. एवढे कळले तर तक्त्याची निम्मी मदार सुटेल. शिवाय मराठीला अवतरणचिन्हांसाठी बोलका शब्द आहे. ‘येतो म्हणून गेला’ या वाक्यात ‘म्हणून’ हा शब्द बंद होणाऱ्या अवतरणचिन्हासारखाच आहे. ज्या मुलाच्या भाषेत हे चिन्ह उच्चारले जाते, त्याला ते लिहायला शिकविणे एवढे अवघड का व्हावे?

इंग्रजीतील षष्ठीच्या त्या वरच्या टिंबाने, ॲपॉस्ट्रॉफीने, आजवर जेवढी लाल शाई खाल्ली तेवढी दुसऱ्या कोणत्या चिन्हाने क्वचितच खाल्ली असेल. मराठीत मुलाचा कंपास, मुलाची वही, मुलाचे पुस्तक. प्रत्यय पुढच्या वस्तूकडे पाहून बदलतो. मुले अनेक झाली की ‘मुलांचे’, आणि तो अनुस्वार कानाला ऐकू येतो. इंग्रजीत एका मुलाचे, अनेक मुलांचे आणि नुसती मुले हे तिन्ही उच्चाराला सारखेच. फरक केवळ कागदावर, त्या टिंबाच्या जागेत. येथे कान उपयोगी पडत नाही, डोळाच लागतो. म्हणून हे चिन्ह तोंडी सरावाने कधीही येणार नाही. ते लिहूनच यावे लागते. उलट पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांना कान फार उपयोगी आहे. सर्व चिन्हांचा सराव एकाच प्रश्नात, एकाच पद्धतीने उरकणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. आणि मोठ्या अक्षराला तर कान आणि देवनागरी दोघांचाही आधार नाही, कारण आपल्या लिपीत अक्षरे लहान-मोठी नसतातच. ‘मी’ला सदैव मोठे अक्षर देणारी भाषा शिकताना मराठी मुलाला थोडे अवघडल्यासारखे होत असेल तर ते त्याच्या विनयाला शोभूनच दिसते!

‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स’, ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ ही वाक्ये सर्वांच्या परिचयाची. मराठीचे ‘पासून’ आरंभबिंदूलाही चालते आणि कालावधीलाही चालते. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत निर्दोष आहे. यांचा विस्तार नको. ज्याला मराठी येते त्याने यादी आपली आपण करावी.

आणि नेमके येथेच गाडे अडते. गेली कित्येक वर्षे इंग्रजीच्या शिक्षकाला प्रशिक्षणात सांगितले गेले, की तासाला मराठी शब्द उच्चारू नये. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. हेतू चांगला होता. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर-पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना लिहिता येई पण तोंड उघडवत नसे, अशी तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. पण तर्खडकरांच्या पद्धतीत एक गोष्ट होती जी आजच्या वर्कशीटमध्ये नाही. विद्यार्थी एका संपूर्ण अर्थापासून निघे, स्वतःच्या भाषेतल्या अर्थापासून, आणि तो दुसऱ्या भाषेत घरी नेऊन पोहोचविण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. मराठीला दाराबाहेर काढताना ही जबाबदारीही बाहेर गेली. ती परत आणण्यासाठी सबंध तास मराठीत घेण्याची गरज नाही. दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली तरी पुरे.

शिक्षकावर मात्र सारा दोष टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. पन्नास मुलांच्या दोन तुकड्या असल्या, प्रत्येकाने आठवड्याला एक परिच्छेद लिहिला आणि एका वहीला पाच मिनिटे दिली, तर पाचशे मिनिटे होतात. म्हणजे आठ तासांहून अधिक. शाळेबाहेरची कामे, सर्वेक्षणे, निवडणुकीच्या याद्या आणि माहितीचे तक्ते भरून झाल्यावर हे आठ तास आणावयाचे कोठून? ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रकाराचे खरे सामर्थ्य शिक्षणशास्त्रात नाही, ते या गणितात आहे. त्याची वही एका मिनिटात तपासून होते. मुलांच्या वाक्याऐवजी छापील वाक्य आले, कारण छापील वाक्याचे उत्तर छापील असते.

यातून वाट काढणारे शिक्षक नाहीत असे नाही. काही जण सर्व चुका तपासण्याचा नाद सोडतात आणि एका आठवड्याला एकच गोष्ट पाहतात: या शनिवारी फक्त पूर्णविराम, पुढल्या शनिवारी फक्त मोठी अक्षरे. बाकीच्या चुका तशाच राहू देण्याचे धैर्य त्यासाठी लागते. पालकांची चिठ्ठी येण्याचा संभव असतो. काही जण पन्नास वह्यांपैकी पाळीपाळीने दहाच वह्या बारकाईने पाहतात, आणि त्यांतले एक वाक्य, कोणाचे ते न सांगता, फळ्यावर घेतात. वर्गातल्या साऱ्यांच्या चुकांची आई एकच असल्यामुळे एकाचे वाक्य दुरुस्त झाले की वीसजण आपापल्या वह्यांत पाहू लागतात. काही जण मुलाला त्याचेच लेखन मोठ्याने वाचायला लावतात. जेथे त्याचा श्वास थांबतो आणि कागदावर ठिपका नसतो, तेथे तो स्वतःच अडखळतो. चूक त्याची त्यालाच सापडते, लाल शाईची गरज राहत नाही.

श्रुतलेखनाचा तर आपण अकारण त्याग केला. तो केवळ स्पेलिंगचा खेळ समजला गेला. वास्तविक चांगल्या शिक्षकाने सावकाश, अर्थ सांभाळून, विरामांचा उच्चार न करता वाचलेला पाच ओळींचा मजकूर उतरवून घेणे हा विरामचिन्हांचा उत्तम अभ्यास आहे. आवाज कोठे उतरला, कोठे अर्धवट टांगून राहिला हे ऐकून मुलाला चिन्ह निवडावे लागते. त्याला खर्च नाही, झेरॉक्स नाही, वहीची अदलाबदल करून शेजारचा मुलगाही ते तपासू शकतो.

आता कोणी म्हणेल, हा खटाटोप कशाला? हातातला फोन पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, दोनदा दाबले की पूर्णविराम टाकतो आणि चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढतो. आता तर सबंध अर्जही तो लिहून देतो. हे सारे खरे आहे. पण फोनला त्या मुलाला काय म्हणावयाचे आहे हे ठाऊक नसते; सांगितल्याशिवाय कळतही नाही. आणि लिहून दिलेला अर्ज आपल्याला हवे तेच सांगतो आहे की नाही, हे पाहण्यासाठी जी नजर लागते ती स्वल्पविरामावर अडखळलेली असावी लागते. राज्याचा कारभार मराठीतून चालावा म्हणून १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. तरी उच्च न्यायालयाचे निकालपत्र, विम्याची पॉलिसी, कर्जाचा करारनामा आजही इंग्रजीतच पुढे येतो. त्यातील दोन अटींमधले ‘अँड’ आणि ‘ऑर’, एखाद्या उपवाक्याभोवतीचे दोन स्वल्पविराम यांचा अर्थ सही करणाऱ्याला कळला नाही, तर तो दुसऱ्याला विचारतो. आणि तो दुसरा बहुधा सही घेणाऱ्याच्या बाजूचा असतो. बँकांच्या कारकुनी परीक्षांत इंग्रजीची स्वतंत्र कसोटी असते. तेथे तालुक्याचा मुलगा आणि शहराचा मुलगा एकाच कागदापुढे बसतात, आणि दहा वर्षे दोघांनीही इंग्रजीच शिकलेली असते.

अभ्यासक्रम बदलतील, प्रश्नपत्रिकेचे नाव बदलून ती कृतिपत्रिका झालीच आहे. परंतु एक गोष्ट कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता होण्यासारखी आहे. ग्रामीण भागातील कित्येक शाळांत इंग्रजी आणि मराठी हे दोन्ही विषय एकाच शिक्षकाकडे असतात. ‘ऊन’ प्रत्ययाचे धातुसाधित तिसऱ्या तासाला जे सर शिकवितात, तेच सर पाचव्या तासाला ‘आय वोक अप आय वॉश्ड’ या ओळीत चार लाल ठिपके घालतात. सर तेच, मुले तीच, वर्गही तोच. मधल्या सुटीत फक्त वही बदललेली असते.